विश्लेषण : सोलापूरच्या नावाचा संघ सोलापूरकडेच का राहायला हवा?

महाराष्ट्र प्रीमिअर लीगच्या २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत ‘सोलापूर रॉयल्स’ हा संघ खेळला. २०२५ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुन्हा सहाच संघ होते, पण त्यांत सोलापूरचे नाव नव्हते. शहराच्या नावाने उभा राहिलेला व्यावसायिक संघ दोन वर्षांत यादीतून जातो आणि शहरात त्याची फारशी चर्चाही होत नाही, असे का होते? छोट्या बाजारपेठेच्या शहराला असा संघ टिकवून ठेवण्याचा हक्क आहे का, आणि असेल तर तो कशाच्या जोरावर, याविषयी…

नेमके काय घडले?

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२३ मध्ये ट्वेन्टी-२० लीगसाठी सहा संघांचे हक्क विकले. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर ही ती सहा नावे. तीन वर्षांसाठीच्या या हक्कांतून संघटनेला ५७.८ कोटी रुपये मिळाले. सर्वांत मोठी बोली पुण्याच्या संघासाठी, १४.८ कोटींची लागली. सोलापूरचा संघ ७ कोटींना गेला. सहा संघांमधली ही सर्वांत छोटी बोली होती.

पहिले दोन हंगाम याच सहा नावांनी झाले. २०२५ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेतून सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन नावे गेली आणि ‘रायगड रॉयल्स’ व ‘सातारा वॉरियर्स’ ही नावे आली. ‘रॉयल्स’ हा शब्द लीगमध्ये राहिला, त्याच्या आधीचे शहर मात्र बदलले. त्याच वर्षी सुरू झालेल्या महिलांच्या चार संघांच्या लीगमध्ये सोलापूरच्या नावाचा संघ होता. म्हणजे सोलापूर लीगच्या नकाशावरून पूर्णपणे पुसले गेले, असे म्हणता येत नाही. पण पुरुषांच्या स्पर्धेतील जागा गेली आणि शहराला त्यात काही म्हणण्याची सोयच नव्हती.

‘छोटी बाजारपेठ’ म्हणजे काय?

लोकसंख्येच्या हिशोबाने सोलापूर छोटे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ आणि जिल्ह्याची ४३ लाखांहून अधिक आहे. मात्र क्रीडा व्यवसायात बाजारपेठ मोजताना डोकी मोजत नाहीत. जाहिरातदार किती, त्यांचे मुख्य कार्यालय कुठे, महागडे तिकीट घेणारा वर्ग किती मोठा, हे पाहिले जाते. त्या मापात पुणे आणि सोलापूर यांच्यात मोठे अंतर आहे. बोलीतला दुपटीहून अधिक फरक हेच सांगतो.

संघमालकाचा हिशोबही समजून घ्यायला हवा. सात कोटी तीन वर्षांत वाटले तर वर्षाला साधारण २ कोटी ३३ लाख रुपये केवळ हक्कापोटी जातात. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर २० लाख रुपयांपर्यंतच खर्च करता येत होता. म्हणजे खेळाडूंच्या बोलीपेक्षा हक्काची रक्कम ११ पटींहून अधिक. याखेरीज प्रशिक्षक, निवास, प्रवास, सराव आणि प्रसिद्धीचा खर्च असतोच. हे पैसे जर्सीवरील प्रायोजक, लीगच्या सामाईक उत्पन्नातील वाटा, बक्षिसाची रक्कम आणि तिकिटे यांतून परत मिळवायचे असतात. घरच्या मैदानावर सामनाच नसेल तर तिकिटे, मैदानातील स्थानिक जाहिराती आणि स्टॉलचे भाडे हा स्रोत पहिल्याच दिवशी बंद होतो. उरतात ते प्रायोजक, आणि ते मिळवायला मालकाला पुण्या-मुंबईतच फिरावे लागते.

छोट्या शहराचा संघ मैदानात मागे पडतो का?

पहिल्या दोन हंगामांचा निकाल याचे उत्तर देतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विजेता ठरला तो ‘रत्नागिरी जेट्स’. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ८० हजारांच्याही आत होती. या संघासाठीची बोली पुण्याच्या तुलनेत बरीच कमी होती. तरीही त्याने पुणे, नाशिक, कोल्हापूर यांना मागे टाकले.

त्याचे कारण लीगच्या रचनेत आहे. खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी असल्याने श्रीमंत संघाला चांगले खेळाडू एकगठ्ठा विकत घेता येत नाहीत. निवड, प्रशिक्षण आणि मैदानावरील निर्णय यांनाच महत्त्व उरते. त्यामुळे ‘छोट्या शहराचा संघ स्पर्धेचा दर्जा खाली आणतो’ हा आक्षेप किमान या लीगमध्ये टिकत नाही. अडचण येते ती मैदानाबाहेर, हिशोबाच्या वहीत.

सोलापूरचा दावा कशावर उभा आहे?

पहिला आधार खेळाडूंचा. भारताकडून कसोटीत पहिले द्विशतक करणारे पॉली उमरीगर यांचा जन्म १९२६ मध्ये सोलापूरचा. त्यांची कारकीर्द मात्र मुंबईत घडली. जन्म इथला आणि खेळ दुसरीकडचा, हा प्रकार त्यानंतरही थांबलेला नाही.

माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या किरण नवगिरेचे उदाहरण घ्या. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध ट्वेन्टी-२० सामन्यात १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारतीय संघात दाखल झाली. सोलापूर जिल्ह्यातील खेळाडूला देशाच्या दुसऱ्या टोकाच्या संघातून पुढे यावे लागले.

सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमिअर लीगमध्ये नाशिकच्या संघातून खेळला. पुण्याच्या संघाविरुद्ध त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते. त्याच सामन्यात त्याने चार बळीही घेतले आणि नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. सहा महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये आयपीएलच्या लिलावात लखनऊच्या संघाने त्याला २० लाख रुपयांना घेतले. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला.

जिल्हा ते राज्य, राज्य ते आयपीएल ही शिडी या लीगमुळे किती जवळ येते, हे अर्शिनच्या प्रवासातून दिसते. त्याला शिडी मिळाली, कारण लिलावात त्याच्यावर नाशिकची नजर पडली. प्रत्येक मुलाचे नशीब तसे नसते. अक्कलकोट, बार्शी किंवा सांगोल्यातील १७ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी जिल्ह्यात झाली तर तो एसटीने येऊन रात्री घरी परतू शकतो. तीच चाचणी पुण्यात असेल तर दोन दिवसांचा खर्च, राहण्याची सोय आणि पालकांचा बुडालेला रोज असा हिशोब सुरू होतो. घरच्या संघाचा खरा उपयोग इथे आहे.

मैदान आहे, मग सामने का नाहीत?

सोलापूरकर ज्याला आजही ‘पार्क मैदान’ म्हणतात, ते इंदिरा गांधी स्टेडियम महापालिकेचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली आणि पुढे या योजनेतून स्टेडियमचे नूतनीकरण झाले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी करंडकाचा सामना इथे झाला. प्रथम श्रेणीचा चार दिवसांचा सामना जिथे होऊ शकतो, तिथे ट्वेन्टी-२० चा एखादा सामना अशक्य मानण्याचे कारण नाही. प्रकाशझोत आणि थेट प्रक्षेपणाची व्यवस्था हा प्रश्न आहे. पण या लीगमध्ये दुपारचे सामनेही होत आले आहेत.

तरीही पुरुषांच्या लीगचे तिन्ही हंगाम पुण्याजवळच्या गहुंजे येथील स्टेडियममध्येच झाले. सोलापूरहून ते अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सोलापूर रॉयल्स सोलापुरात एकदाही खेळला नाही. शहराने संघ पाहिला तो मोबाइलच्या पडद्यावर. ज्या संघाची बस स्टेशनसमोरून कधी गेली नाही, ज्याच्या जर्सीतला खेळाडू सात रस्त्यावर कुणाला दिसला नाही, तो गेल्यावर शहर गप्प राहिले यात नवल कसले?

पावसाचाही विचार करायला हवा. ही लीग जूनमध्ये होते आणि गहुंजे मावळच्या तोंडाशी आहे. २०२३ चा अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतक्त्यात अव्वल असल्यामुळे रत्नागिरीला विजेता घोषित करावे लागले. सोलापूर पर्जन्यछायेत येते. जूनमध्ये तिथेही वळवाच्या सरी कोसळतात, पण मावळातल्या झडीच्या तुलनेत सामना पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते. सर्व सामने एकाच ठिकाणी ठेवण्यात खर्च वाचतो हे खरे, मात्र पावसाची सगळी जोखीमही त्याच मैदानावर एकवटते.

संघ गेल्यावर शहराच्या हाती काय उरते?

याचा अनुभव पुण्यासारख्या मोठ्या शहरानेही घेतला आहे. इंडियन सुपर लीग या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत २०१४ पासून ‘एफसी पुणे सिटी’ हा संघ बालेवाडीत खेळत होता. त्याचे नियमित पाठीराखे होते. आर्थिक अडचणींमुळे २०१८-१९ नंतर तो बंद पडला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने लीगचे विजेतेपद पटकावले. पुण्याच्या पाठीराख्यांनी पाच हंगाम ज्या जागेसाठी घसा कोरडा केला, तिचा करंडक दुसऱ्या शहरात गेला. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचा संघही दिल्लीला हलवून ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ करण्यात आला. अवघ्या सहा वर्षांत एकाच जागेने तीन शहरे पाहिली.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठी बाजारपेठ हीच संघ टिकण्याची हमी असती, तर पुणे, हैदराबाद या शहरांनी संघ गमावले नसते. मालकाच्या ताळेबंदापलीकडे शहराशी बांधणारे काही नसेल, तर शहर कोणतेही असो, संघ उठून जातो. छोट्या शहरात ती वेळ लवकर येते एवढेच.

कोल्हापूरचे संघ का हलत नाहीत?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममधील फुटबॉल हे याचे उलट उदाहरण आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ या संघांची नावे पेठा, तालमी आणि मंडळांची आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत हे संघ एकमेकांशी भिडतात, तेव्हा स्टेडियम भरते. याच वातावरणात वाढलेला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

हे संघ व्यावसायिक फ्रँचायझी नाहीत, त्यांच्याकडे कोट्यवधींचे प्रायोजक नाहीत आणि त्यांच्यातील ईर्ष्येतून कधी वादही झाले आहेत. पण ते विकून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाहीत, कारण ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. पेठेतला मुलगा खेळतो, पेठेतला दुकानदार वर्गणी देतो आणि पेठेतलीच माणसे गॅलरीत बसतात. तालीम उचलून दुसऱ्या गावी कशी नेणार?

जगात छोटी शहरे संघ कशी राखतात?

अमेरिकेतील ग्रीन बे हे जेमतेम एक लाखाच्या लोकवस्तीचे शहर. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये त्याचा पॅकर्स हा संघ शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. १९२३ पासून तो ना-नफा संस्था आहे आणि त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते नफ्यासाठी विकताही येत नाहीत. संस्था विसर्जित झालीच तर पैसा धर्मादाय कामाला जातो. त्यामुळे संघ विकून कुणाच्याही खिशात काही पडत नाही.

मात्र ग्रीन बे केवळ लोकांच्या प्रेमावर टिकलेले नाही. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न ही लीग सर्व संघांत सारखे वाटते. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढा वाटा, तेवढाच ग्रीन बेला. हा नियम नसता तर भागधारक कितीही असले तरी संघ टिकणे कठीण होते.

जर्मनीतील फुटबॉलमध्ये सर्वसाधारण नियम असा आहे, की क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. गुंतवणूकदार पैसा आणू शकतो, पण सभासदांना डावलून क्लब हलवू शकत नाही. फ्रायबुर्गसारख्या सोलापूरच्या तुलनेत बऱ्याच लहान शहराचा संघ तिथे अव्वल श्रेणीत खेळतो.

सहकाराच्या सोलापूरला ही कल्पना परकी वाटू नये. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर मोडते. भाग घेणे, सर्वसाधारण सभेला जाणे, अहवालावर भांडणे हे इथल्या घराघरांत माहीत आहे. अर्थात सहकार म्हणजे यशाची खात्री नव्हे, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. कारभार उघड्यावर नसेल तर सभासदांची संस्थाही बुडते.

दुसरी बाजू काय?

रायगड आणि सातारा यांचाही संघावर तितकाच हक्क आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली मुंबई आणि विदर्भ वगळता उर्वरित राज्यातील जिल्हे येतात आणि पुरुषांचे संघ आहेत सहा. सगळ्यांना एकाच वेळी जागा मिळणार नाही. फिरती संधी द्यावी, असा युक्तिवाद होऊ शकतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. खासगी मालकाला तोटा सोसायला कोण भाग पाडणार? त्याने गुंतवणूक केली आहे, त्यामुळे व्यवसायाचा निर्णय त्याचाच. आणि संघामुळे शहराची अर्थव्यवस्था बहरते हा दावाही फार ताणू नये. व्यावसायिक संघ आणि स्टेडियम यांमुळे शहराच्या उत्पन्नात मोठी भर पडते, हे क्रीडा अर्थशास्त्राचे बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. आठ-दहा दिवस हॉटेले भरली म्हणून यंत्रमागाचा खडखडाट वाढत नाही.

हे आक्षेप रास्त आहेत. म्हणूनच सोलापूरचा दावा ‘आमच्या अस्मितेसाठी संघ द्या’ एवढाच असेल तर तो लंगडा ठरेल. खेळाडू इथे तयार होतात, सार्वजनिक पैशातून मैदान उभे आहे आणि जिल्ह्यात लोकसंख्या आहे. या तीन गोष्टी एकत्र असलेल्या ठिकाणी संघाला दोन हंगामांत एकदाही घरी खेळायला मिळाले नाही. संधी न देताच बाजारपेठ छोटी ठरवणे हा हिशोब अपुरा आहे. फिरती संधी द्यायची असेल, तरी आधी ती संधी खरी असायला हवी.

पुढे काय करता येईल?

पहिला उपाय घरच्या सामन्यांचा. सहा संघ एकमेकांशी एकेकदाच खेळले तरी १५ साखळी सामने होतात. त्यांतले तीन सामने सलग दोन दिवसांत सोलापुरात घेतले, तर प्रक्षेपणाचा ताफा एकदाच हलवावा लागेल. पुढच्या वर्षी तीच सोय दुसऱ्या शहराला. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून पुण्यामार्गे धावते, त्यामुळे प्रवासाची सबब आता जुनी झाली आहे.

दुसरा उपाय करारातील कलमाचा. हक्कांच्या मुदतीत शहराचे नाव बदलायचे असल्यास आधी जाहीर सूचना द्यावी आणि त्याच जिल्ह्यातील उद्योग, संस्था किंवा क्रीडा संघटनांना संघ घेण्याची पहिली संधी मिळावी. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स यांसारख्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या सोलापूरच्या आहेत. चादर आणि टॉवेलचा व्यवसाय देशाबाहेर पोहोचला आहे. त्यांनी पैसे द्यावेतच, असे कुणी म्हणणार नाही. पण विचारले तरी पाहिजे.

तिसरा उपाय खेळाडूंचा. प्रत्येक संघात त्या जिल्ह्यातील किमान दोन-तीन खेळाडू असण्याची अट घालता येईल आणि निवड चाचणीची एक फेरी त्या जिल्ह्यातच घेता येईल. यासाठी वेगळा पैसा फारसा लागत नाही. चौथा उपाय शुल्काचा. जो मालक घरच्या शहरात सामने आणि वर्षभराचे प्रशिक्षण केंद्र चालवेल, त्याला हक्काच्या रकमेत सवलत द्यावी. ५७.८ कोटींच्या व्यवहारात अशी सवलत संघटनेला जड जाऊ नये, कारण तिच्या बदल्यात जिल्ह्यात खेळाडू घडतील.

महापालिकेचीही जबाबदारी आहे. नूतनीकरण झालेल्या मैदानाचे वार्षिक वेळापत्रक, भाडे आणि देखभालीचा खर्च जाहीर झाला, तर कोणत्याही संघमालकाला हिशोब मांडता येईल. आज तो मांडायला आकडेच समोर नसतील, तर मालक सोपा पर्याय म्हणून गहुंजेच निवडणार.

२०२३ मध्ये विकलेल्या हक्कांची तीन वर्षांची मुदत २०२५ च्या हंगामापर्यंतची होती. त्यामुळे पुढच्या करारांत कोणती कलमे असावीत, हे ठरवण्याची हीच वेळ आहे. सोलापूर जिल्हा क्रिकेट संघटना, महापालिका आणि स्थानिक उद्योजक एकत्र बसून लेखी प्रस्ताव देऊ शकतात. त्यात मागणी मोठी असण्याचीही गरज नाही. पार्क मैदानावर वर्षाला तीन सामने, जिल्ह्यात एक निवड चाचणी आणि शहराचे नाव काढण्यापूर्वी शहराला विचारणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.